मालोजीच्या नावेतलं डोरलं

१

दोघं गेली आणि एकटा परत आला.

मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. फाटकाची कडी वाजली म्हणून वर बघितलं, तर ज्योतीराम. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बायकोच्या चपला.

"कस्तुरा कुठाय रं?" मी विचारलं.

तो पायरीवरच बसला. "गेली, सोजरकाकू. नदीत गेली."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आतून त्याची आई तानुबाई धावत आली आणि तिनं असा काही टाहो फोडला की सगळं गावठाण जमलं. मी तिच्याकडे बघत राहिले. सहा वर्षं त्या पोरीला 'वांझोटी, वांझोटी' म्हणून जीव नकोसा केला होता हिनं. आणि आता म्हणे, "माझी लक्षुमी गेली!" अगं मेले, लक्ष्मी होती तेव्हा कधी एक कप चहा तरी सुखानं पिऊ दिलास का तिला?

मी सोजरबाई. चिंचवड गावठाणात माझ्या चार खोल्या आहेत, त्या कंपनीतल्या लोकांना भाड्यानं देते. ज्योतीराम पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. एका खोलीत तो, बायको आणि आई, मधे लुगड्याचा पडदा. लग्न झाल्यापासून ही दोघं जोडीनं कधी कुठं गेली नव्हती. पिंपरीच्या कंपन्यांना विजेच्या टंचाईपायी रविवारऐवजी बेस्तरवारी सुट्टी. तर बेस्तरवारची सुट्टी आणि शुक्रवारची रजा, असं धरून नदीकाठी दोन दिवस फिरून यायचं, हा कस्तुराचाच हट्ट.

आधी ठरलं होतं आळंदी. धर्मशाळेत राहायचं, इंद्रायणीचा घाट बघायचा. पण निघायच्या आदल्या दिवशी कस्तुरा अडून बसली. "आळंदी नको. देहूकडं जाऊ."

"आता काय झालं आळंदीला?" ज्योतीराम वैतागला.

"मला नको, एवढंच."

"बरं बाई. मग इंदुताईकडंच उतरू." इंदुताई त्याची चुलत बहीण. देहूच्या वरच्या अंगाला नदीकाठी एक गाव आहे, तिथं दिलेली. तेच माझं माहेर.

आळंदी का नको, ते त्या घरात कुणालाच कळलं नाही. मला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी मी तिला मोरीत कौलाचा तुकडा चघळताना धरली होती आणि तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती. काय ते वेळ आली की सांगते.

"कशी गेली?" मी ज्योतीरामला विचारलं.

"नावेतून पडली म्हणतात. नावाड्यानं डोरल्यासाठी ढकलली. त्याच्याच नावेत सापडलं डोरलं."

नावेतून? मी चपलांकडे बघितलं. कोरड्या होत्या, टाचेला धूळ होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई माझ्या दारात. माझ्या माहेरच्या नावाड्याची, मालोजीची बायको. येऊन माझ्या पायांवरच पडली.

"आक्का, त्याला वाचवा. त्यानं मुंगी मारली न्हाई कधी."

"ऊठ आधी. पाणी पी. नीट सांग."

गिरजानं सांगितलं ते असं. शुक्रवारी दुपारी मालोजी जेवायला घरी होता. नाव काठाला बांधलेली. जेवण होतंय तोवर ओरडा उठला की इंदुताईकडची पाहुणी बुडाली. प्रेत दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला सापडलं. गळ्यात डोरलं नव्हतं. फौजदारानं नाव तपासली, तर फळीखाली डोरलं. आणि इंदुताईनं जबाब दिला होता की, "मी घाटावर धुणं धूत व्हते. कस्तुरा पलीकडचा काठ बघाया म्हणून मालोजीच्या नावेत बसली. मी डोळ्यांनी बघितलं."

"तो जेवत व्हता, हे कुणी सांगंल?"

"मी सांगते की! पण बायकोचं कोण ऐकतं?" गिरजा रडायला लागली. "डोरल्यासाठी बाई मारली म्हणत्यात, आक्का. फाशी देतील."

मी डोईवर पदर घेतला आणि देहूची चौकी गाठली. तिथला फौजदार यशवंतराव. नवीन नोकरीला लागला तेव्हा माझ्याच खोलीत राहायचा, माझ्या हातचं पिठलं खायचा. मला बघून उभा राहिला.

"मावशी, तुम्ही कशाला आलात इथं?"

"मालोजीला बघायचंय."

त्यानं जरा कां कूं केलं, पण नेलं. मालोजी कोपऱ्यात बसला होता. उजव्या हाताची बोटं सुजून वांग्यांसारखी झाली होती. कसं झालं ते मी विचारलं नाही. चौकीत कसं होतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

"ती बाई माझ्या नावंत बसलीच न्हाई, आक्का," तो म्हणाला. "बेस्तरवारी समद्यांना पलीकडं शेतात जेवाया न्यायचं व्हतं. नवऱ्यानं हात धरून वढली, तरी तिनं पाय उचलला न्हाई. माझ्यासमोर वढली. दुसऱ्या दिशी आपणहून कशी बसंल?"

यशवंतराव हसला. "ऐकलंत? असं काहीही सांगतो. नवऱ्याच्या जबाबात यातलं एक अक्षर नाही. एकीकडं डोळ्यांनी बघितलेली बाई आणि नावेत सापडलेलं सोनं. दुसरीकडं हा. कुणाचं खरं मानू?"

"सोनं चोरलेला माणूस ते स्वतःच्याच नावेत ठेवून पोलिसाची वाट बघत बसंल व्हय?"

"चोर शहाणे असते तर आम्हाला पगार कुणी दिला असता, मावशी? परवा कोर्टात उभा करतोय."

 मालोजी खरं बोलत होता. आणि ते खरं कशावरून, हे ठाऊक असणारी या जगात मी एकटीच उरले होते.

३

संध्याकाळी मी ज्योतीरामला भाकरी घेऊन गेले. तानुबाई सुतकातल्या बायकांत बसली होती. हा एकटाच भिंतीला टेकून होता.

"खा दोन घास."

"नको, काकू."

"बरं, नको खाऊस. बोल तरी. बोललं की हलकं वाटतं माणसाला. दोन दिवस तरी सुखात गेले का तिचे?"

माणूस दुःखात असला की दोनच गोष्टी करतो. एक तर गेलेल्याचं कौतुक करतो, नाहीतर गाऱ्हाणं सांगतो. ज्योतीराम गाऱ्हाण्यातला निघाला.

"कसलं सुख! हट्टी होती, काकू. लय हट्टी. बेस्तरवारी इंदुताईनं पलीकडं शेतात जेवण ठेवलेलं. ती बिचारी सकाळधरनं तिकडंच, चुलीपुढं. आम्ही काठावर आलो, नाव लागली, तर ही बसेना. हात धरून ओढली. नावाड्यासमोर माझी शोभा केली. शेवटी मी एकटाच गेलो."

"का बसत न्हाई म्हणाली?"

"काही नाही. 'तुम्ही या जाऊन. उद्या सांगते,' म्हणाली आणि हसली. मला असला राग आला!"

उद्या सांगते.  पोरी, उद्या कुठला गं तुला.

"मग शुक्रवारी कशी काय बसली?"

 एवढा वेळ भिंतीकडे बघून बोलत होता, तो माझ्याकडे बघायला लागला.

"बसली असंल," तो म्हणाला. "बायकांचं काय, घटकेत एक घटकेत एक."

"आणि तू कुठं व्हतास?"

"चावडीपुढं. न्हाव्याकडं दाढी करत होतो. दहा माणसांनी बघितलंय."

"मी कुठं म्हणते न्हाई बघितलं? बेस्तरवारचं हे पोलिसांना सांगितलंस का?"

"कशाला? त्याचा काय संबंध?"

"तिकडं एका माणसाची बोटं मोडलीत, ज्योतीराम. तो जे बोलतोय तेच तू आत्ता बोललास."

त्यानं भाकरीचं ताट माझ्याकडे सरकवलं. "काकू, माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही जा."

डोकं ठिकाणावर नसलेला माणूस इतकं मोजून-मापून ताट सरकवत नाही. मी उठले.

४

दुसऱ्या दिवशी माहेरी गेले ते थेट इंदुताईच्या घरी. ओसरीवर तिची नणंद धान्य निवडत होती. तीस गाठत आलेली. दोनदा लग्न ठरून मोडलेलं. हिरवं लुगडं नेसली होती, कोऱ्या घडीचं. घरात पाहुणी बुडून मेलीय आणि हिच्या अंगावर कोरं लुगडं! मी आपलं बघून ठेवलं.

इंदुताईनं डोळ्याला पदर लावला. "काय सांगू, आक्का. माझ्या दारात आली आन् असं झालं."

"नशीब एकेकाचं. बेस्तरवारी तरी चार घास खाल्ले का तिनं शेतात?"

"कुठं? आलीच न्हाई. ज्योतीराम म्हणला, डोकं दुखतंय तिचं, घरी निजलीय."

"असं म्हणला?"

"व्हय की. मी तर तिच्यासाठी पुरणाच्या पोळ्या केलेल्या."

मी मान हलवली. नवरा लाजला होता. बायकोनं चारचौघांत ऐकलं नाही हे कुठला पुरुष सांगतो? दिलं डोकेदुखीचं कारण ठोकून. आणि म्हणूनच इंदुताईला ठाऊकच नव्हतं, की ही बाई नावेत पाय ठेवत नाही.

"शुक्रवारी मग नावेत बसली म्हणं?"

"हसत हसत बसली, आक्का. मी म्हणलं, नको गं. तर म्हणली, पलीकडं कसं दिसतंय ते बघून येते."

"तू न्हाई गेलीस?"

"मला बाई पाण्याची भीती. मी पाण्यात घोटासुदीक बुडवत न्हाई. दगडावर बसून धुणं धूत व्हते."

"बरोबर हाय. जपून राहावं." मी उठताना सहज विचारलं, "नणंदेचं कुठं जमतंय का?"

तिचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. मग तिलाच लाज वाटली असावी. "जमंल आता. तानुकाकी कधीची म्हणत व्हती. पर कस्तुरा सोडचिठ्ठी द्याया तयार नव्हती ना. आता... दहावं झालं की बोलू."

राख पुरती निवली नव्हती, आणि ही पत्रावळी मांडून बसली होती. मला वाटलं हातातली काठी घालावी टाळक्यात. पण मी म्हटलं, "बोला, बोला. चांगलं काम हाय," आणि तिच्या हातचा चहाही प्यायले. गोड होता.

परतताना यशवंतरावला निरोप दिला. मालोजीला कोर्टात न्यायच्या आधी ज्योतीरामला आणि इंदुताईला चौकीत बोलाव. मी येतेय.

५

चौकीत यशवंतराव खुर्चीवर, समोर बाकड्यावर ज्योतीराम आणि इंदुताई. तानुबाईही आली होती, लेकाला सोडून राहते कुठली. कोपऱ्यात मालोजी, आणि दाराबाहेर गिरजा.

"बोला मावशी," यशवंतराव म्हणाला, "पण लवकर."

"फौजदार, आधी ह्याला विचारा. बेस्तरवारी ह्याची बायको नावंत बसाया तयार नव्हती. परवा ह्यानंच मला सांगितलं."

यशवंतराव ज्योतीरामकडे वळला. "खरं का?"

ज्योतीरामनं एकदा इंदुताईकडे बघितलं. मग म्हणाला, "मी असं काही बोललो नाही, साहेब. काकूंचं वय झालंय. काहीही बोलतात."

बघा! माझी भाकरी खाणारा, माझ्या अंगणात अंघोळ करणारा माणूस. गिरजानं दाराबाहेर हंबरडा फोडला. यशवंतराव मला म्हणाला, "झालं मावशी? आता घरी जा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी तिथंच जमिनीवर बसकण मारली.

"जाते. पण एक गोष्ट सांगून जाते. कस्तुरानं मला शपथ घातली व्हती. मेलेल्याची शपथ मोडली तर पाप लागतं म्हणत्यात. लागू दे मला. ज्योतीराम, तुझी बायको आळंदीला का नको म्हणली?"

"मला काय ठाऊक?"

"आळंदीला देवळाकडं जायला पूल ओलांडावा लागतो. देहूला आपल्याकडनं जाताना नदी ओलांडावी लागत न्हाई. मीच तिला सांगितलं तसं. इंदीच्या शेतात का आली न्हाई? शेत पलीकडच्या काठाला. हात धरून वढलीस तरी नावंत पाय का ठेवला न्हाई?" मी तानुबाईकडे वळले. "तुम्ही सांगा, तानुबाई. तुम्ही बाईमाणूस. नदी कोण ओलांडत न्हाई?"

तानुबाईचं तोंड उघडं राहिलं. इंदुताईच्या हातातला रुमाल खाली पडला. दोघींनाही कळलं. ज्योतीराम मात्र आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं बघत होता.

"काय? काय झालं?"

"पोटुशी बाई नदी ओलांडत न्हाई, बाबा," मी म्हटलं. "तिला दिवस गेले व्हते. मागं दोनदा राहिलं, दोनदा तुझ्या आयशीनं गावभर बोभाटा केला आन् दोनदा गेलं. म्हणून ह्या बारीला तिनं ठरवलं, तीन महिनं भरल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाई. तुलासुदीक न्हाई, कारण तुझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई. शुक्रवारी भरत व्हते. संध्याकाळी तुला काठावर बसवून सांगणार व्हती. म्हणून तर फिरायला चला, फिरायला चला म्हणून मागं लागली व्हती."

तो माझ्याकडे बघत राहिला. 

यशवंतराव खुर्चीतून उठला. त्याचा हसरा चेहरा कुठल्या कुठं गेला होता. "मावशी, डॉक्टरचा कागद अजून आलेला नाही. हे खरं निघालं तर..."

"खरंच निघंल. आता तुम्हीच हिशेब लावा. नदी ओलांडायची नको म्हणून जिनं आळंदी सोडली, नवऱ्याचं ऐकलं न्हाई, ती दुसऱ्या दिशी हसत हसत नावंत बसंल? न्हाई बसणार. मग तिला नावंत बसताना बघितलं म्हणणारी खोटं बोलती. आन् ती नावंत बसलीच न्हाई, तर तिचं डोरलं नावंत गेलं कसं? ते कुणीतरी नेऊन ठेवलं. घाटावर त्या वक्ती दोघीच व्हत्या. एक मेली."

सगळे इंदुताईकडे बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघता?" ती किंचाळली. "ज्योतीराम, सांग की! सांग ह्यांना!"

६

ज्योतीरामनं सांगितलं. पण तिला हवं होतं ते नाही.

"ताई घरी आली तेव्हा तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं होतं, साहेब," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी दाढी करून आलो तेव्हा ती मागल्या दारी बदलत होती. म्हणाली, कस्तुरा नावेतून पडली. मला ठाऊक होतं ती नावेत बसत नाही. मला तेव्हाच कळलं."

"कळलं आणि गप्प बसलास?"

"मला वाटलं... सुटलो." हे शब्द त्याच्या तोंडातून निघाले आणि तो दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. शिपायांनी हात धरले.

घोटासुद्धा न बुडवणारी इंदुताई आता बाकड्यावरून उठून त्याच्या अंगावर धावली. मला वाटलं, नाव घेतलं म्हणून चिडली. तसं नव्हतं.

"अरं मेल्या! मला डोकं दुखतंय म्हणून का सांगितलंस? नावंत बसत न्हाई असं म्हणला असतास, तर मला बाईला कळलं नसतं व्हय? दोन जिवाच्या बाईला हात लावला असता का मी? मला वाटलं वांझच हाय! नुस्ती वांझच हाय!"

 जबाब लिहिणारा शिपाई लिहायचा थांबला. वांझ असती तर चालली असती, असाच त्याचा अर्थ. आणि त्या खोलीत निदान तिघांना तसंच वाटत होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

धुणं धुताना वाकलेल्या कस्तुराचं डोकं तिनं मागून पाण्यात दाबलं होतं. आधी काय गं ही थट्टा म्हणून पोर हसली म्हणे. हेही इंदुताईनंच सांगितलं, न विचारता.

संध्याकाळी मालोजीला सोडलं. गिरजानं त्याला धरून नेलं. बोटं काही सरळ झाली नाहीत त्याची, वल्हं धरता येत नाही. आता नाव गिरजा चालवते, हा पुढं बसून असतो. यशवंतराव एकदा त्याच्या घरी फळं घेऊन गेला होता. गिरजानं ती त्याच्या देखत म्हशीपुढं टाकली. बरं केलं.

डॉक्टरचा कागद आठवड्यानं आला. मी म्हटलं तेच त्यात होतं.

ज्योतीराम कारखान्यात जायचा बंद झाला. पायरीवर बसून असतो, मांडीवर त्या चपला. खोली सोडा म्हणून मी सांगितलं, तर तानुबाईच माझ्या दारात आली. आठ दिवसांत केस पिंजारून गेले होते. पण डोळ्यांत रडणं नव्हतं. काहीतरी विचारायचं होतं तिला, आणि धीर होत नव्हता.

"काय ते बोला," मी म्हटलं. "दूध चुलीवर हाय माझं."

"सोजरबाई, त्या कागदात... लिहिलं असंल का? पोरगा व्हता का पोरगी?"

सून मेली. तिचं नाव नाही काढलं. मालोजीचं नाही, लेकाचं नाही. पोरगा होता का पोरगी!

कागदात असलं काही लिहिलेलं नव्हतं. तीन महिन्यांच्या जिवाचं कोण काय सांगणार? मी तिच्याकडे बघितलं. मोरीत कौल चघळणारी कस्तुरा आठवली. माझा हात डोक्यावर ठेवून 'काकू, तुमच्याशिवाय मला कुणी नाही हो' म्हणाली होती.

"पोरगा व्हता, तानुबाई," मी सांगितलं.

ती उंबऱ्यावरच खाली बसली. मी आत गेले आणि चुलीवरचं दूध उतरवलं.